पाच अ घन

३अ^२ + २अ = ५अ^३

(आधी एक सूचना. अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडा बसवायचा कंटाळा आलाय, म्हणून घातांकासाठी हे छपरासारखं चिन्ह वापरतोय. अ^२ म्हणजे अ चा वर्ग. सी आणि जावावाल्यांनी कृपया एक्सऑर समजू नये. :) )

वरचं उत्तर चूक आहे. पण चूक नेमकी कुठे आहे हे जरा थांबून बघा. तीन आणि दोन पाच, बरोबर. दोन आणि (न दिसणारा) एक मिळून तीन, तेही बरोबर. बेरजा दोन्ही अचूक आहेत. गडबड एवढीच की सहगुणकांची बेरीज केलीय बेरजेच्या नियमाने, आणि घातांकांची केलीय गुणाकाराच्या नियमाने. खरंच गुणाकार असता तर उत्तर ६अ^३ आलं असतं. बेरीज आहे म्हटल्यावर ३अ^२ + २अ जसं आहे तसंच राहतं, पुढे करण्यासारखं काही नाही. म्हणजे हे उत्तर अर्धं बेरीज आणि अर्धं गुणाकार. दोन बरोबर नियमांचं चुकून लागलेलं लग्न.

असं उत्तर लिहिणाऱ्याला नियम येत नाहीत, असं अजिबात नाही. नियम येतात. फक्त नियमच येतात, ही खरी अडचण.

उत्तर माझ्या भाचीचं आहे. सातवीत आहे, कऱ्हाडला असते. त्या उत्तरावर लाल फुली आणि शेजारी 'नियम पाठ कर' असा शेरा. चाचणीत २० पैकी ७. ताईचं म्हणणं, सातवीत ही तऱ्हा तर दहावीला काय होणार, आत्ताच क्लास लावू. भाचीचं म्हणणं त्याहून काळजी वाटण्यासारखं. ती शांतपणे म्हणाली, "मामा, मला आकड्यांचं गणित येतं. अक्षरांचं येत नाही." रडली-बिडली असती तरी चाललं असतं. पण हे बोलणं निकाल लागल्यासारखं होतं. बाराव्या वर्षी माणसं स्वतःबद्दल असे निकाल लावतात आणि मग जन्मभर पाळतात. आमच्या ऑफिसात चांगले हुशार लोक आहेत (एचआरमध्ये, डिझाइनमध्ये), ते अजूनही बिल वाटून घ्यायची वेळ आली की फोन दुसऱ्याच्या हातात देतात आणि हसून सांगतात, "माझं सातवीतच सुटलं."

तर पुढचे तीन-चार रविवार मी व्हिडिओ कॉलवर अक्षरांचं गणित घेतलं. त्यातनं मलाच जे सापडलं ते लिहितोय.

पहिली गोष्ट, आंबे बंद. वर्गात सजातीय पदं शिकवताना सर्रास सांगतात की अ म्हणजे आंबा, ब म्हणजे बटाटा. तीन आंबे अधिक दोन आंबे म्हणजे पाच आंबे, पण आंबे आणि बटाटे एकत्र मोजता येत नाहीत. ऐकायला छान आहे आणि पहिला आठवडा कामही भागतं. पण नंतर हे उदाहरण व्याजासकट वसुली करतं. कारण घातांक आले की अ^२ म्हणजे काय? आंबा गुणिले आंबा? आमरस? शिवाय अ हा आंबा नाहीच आहे, ती एक संख्या आहे जी आपल्याला अजून कोणी सांगितलेली नाही. आणि संख्या म्हटल्यावर सगळ्यांची बेरीज होते! अ जर ५ असेल तर अ^२ म्हणजे २५, आणि २५ अधिक ५ तीस. झाली की बेरीज. भाची नेमकी इथेच अडली होती. तिचा प्रश्न होता, "दोन्ही संख्याच आहेत तर मिळवायच्या का नाहीत?" प्रश्न एकदम रास्त आहे. त्याला आंब्यांकडे उत्तर नाही.

उत्तर असं आहे. तीन पाचे आणि पाच पाचे मिळून आठ पाचे होतात. तीन सतरा आणि पाच सतरा मिळून आठ सतरा. आकडा कुठलाही घ्या, 'तीन आणि पाच मिळून आठ' हे बदलत नाही. म्हणून अ किती आहे हे कळायच्या आधीच ३अ + ५अ = ८अ असं लिहायची मुभा मिळते. ३अ^२ + २अ मध्ये ही मुभा मिळत नाही. अ कंसाबाहेर काढला तर अ(३अ + २) होतं, आणि कंसातलं ३अ + २ किती हे अ कळल्याशिवाय सांगता येत नाही. अ ५ असेल तर १७, अ १०० असेल तर ३०२. तेव्हा पदं 'मिळवता येत नाहीत' असं म्हणणं खरं तर चूक आहे. ती आधीच मिळवलेली आहेत, मध्ये अधिकचं चिन्ह आहे ना! फक्त एका पदात मावत नाहीत.

'सजातीय' या शब्दाबद्दल एक अवांतर. आमची आजी ताईकडेच असते. कॉल स्पीकरवर होता. मी दोनदा "सजातीय आहे का बघ आधी" असं म्हटलं, आणि आतल्या खोलीतून आजी चष्मा सावरत बाहेर आली. तिला वाटलं माझ्यासाठी कुठलं तरी स्थळ आलंय. असो.

तर दुसरी गोष्ट. तिला आकड्यांचं गणित येतं ना, मग आकड्यांपासूनच निघू.

"३२० म्हणजे काय?"

"तीनशे वीस."

"फोड करून सांग."

"तीन शतक, दोन दशक, शून्य एकक." हे तिने तिसरीच्या चालीवर सांगितलं.

"शतक म्हणजे?"

"शंभर. दहा दाही."

"आता दहाच्या जागी अ लिही."

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग, "मामा... हे तर ते माझंच गणित आहे. तीन अ वर्ग अधिक दोन अ." आणि लगेच पुढे, "म्हणजे मी तीनशे वीसचे पाच हजार केले? कुठल्या बँकेत?"

मी तेव्हा काही बोललो नाही, कारण ती पुढे जातच होती. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, शतकाखाली शतक. दशक उचलून शतकाच्या घरात कोणी मिळवत नाही, आणि दोघांना मिळवून हजाराच्या घरात तर नाहीच नाही. सजातीय पदं म्हणजे ही घरं. ४अ^२ + ७अ + २ मध्ये ३अ^२ + ८अ + ५ मिळवायचे तर उभी मांडणी करायची आणि घराघराची बेरीज करायची. उत्तर ७अ^२ + १५अ + ७. इथे तिने विचारलं, "पंधरा? हातचा नाही?"

हा प्रश्न मला स्वतःला इतक्या वर्षांत कधी सुचला नव्हता. हातचा नाही! दहा दशकं झाली की एक शतक होतं, कारण तिथे पाया दहा आहे हे आपल्याला माहीत असतं. इथे किती अ जमले की एक अ^२ होतो? अ इतके. आणि अ किती ते माहीत नाही. म्हणून घर भरलं की नाही हेच कळत नाही आणि पंधरा अ तसेच आपल्या घरात बसून राहतात. म्हणजे सातवीचं बीजगणित हे हातचा नसलेल्या बेरजेचं गणित आहे. तिसरीपेक्षा सोपं निघालं की.

घरं डावीकडून उजवीकडे मोजत गेलं तर घातांक शून्याचाही उलगडा होतो. हजार, शंभर, दहा. दर पायरीला दहाने भागायचं. पुढची पायरी एक. घातांक मात्र ३, २, १ आणि मग ०. म्हणून १०^० = १. हे कोणी वरून ठरवलेलं नाही, जिना उतरत आलं की तिथेच पाय पडतो. (पाया शून्य सोडून कुठलाही घ्या.) आणि मग नुसता आकडा, ज्याला पुस्तक स्थिरपद म्हणतं, तोही अ^० च्या घरातला रहिवासी ठरतो. एककाचं घर. उजवीकडे अजून एक पाऊल टाकलं की दशांश चिन्हापलीकडे १०^(-१). तिथे आम्ही गेलो नाही.

गुणाकार मात्र वेगळा प्रकार. अ^२ गुणिले अ^३ म्हणजे (अ × अ) × (अ × अ × अ), पाच वेळा अ, म्हणून अ^५. शंभर गुणिले हजार एक लाख, शून्यं मोजून पाहा. गुणाकारात घर बदलतं, बेरजेत बदलत नाही. भाचीच्या उत्तरात बेरीज करताना घर बदललं होतं, बस. आणि (अ^२)^३ म्हणजे अ^२ तीनदा, म्हणून अ^६. हे तिला सांगावंही लागलं नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे घरांचं प्रकरण लगेच ओळखीचं वाटेल. बहुपदी साठवायची सर्वांत साधी रीत म्हणजे सहगुणकांचा अ‍ॅरे. ३अ^२ + २अ साठी ०, २, ३. कितव्या जागेवर आहे हाच घातांक, अ लिहायचीसुद्धा गरज नाही. नसलेल्या पदाच्या जागी शून्य ठेवायचं.

आणि गंमत अशी की ही मांडणी कॉम्प्युटरच्या फार आधीची आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात (इ.स. ११५० च्या सुमाराचा) अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणतात, म्हणजे 'जितकं असेल तितकं'. अज्ञात संख्येसाठी याहून प्रामाणिक नाव मी ऐकलेलं नाही. अज्ञात एकाहून जास्त असतील तर पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना आद्याक्षर. या ३ म्हणजे आपलं ३अ, वर्गाला याव, नुसत्या आकड्याला रूप म्हणून रू, आणि ऋण संख्या असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. दोन वेगळ्या अज्ञातांच्या गुणाकाराला 'भावित' असं स्वतंत्र नाव होतं, कारण तीही एक वेगळीच जात. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहायच्या, यावच्या खाली याव, याच्या खाली या, रूच्या खाली रू, आणि एखादं पद नसेल तिथे शून्य. अ‍ॅरेच की! त्याच्याही पाचशे वर्षं आधी, इ.स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने नियम सांगून ठेवलाय की एकाच जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करावी, वेगळ्या जातीच्या वेगवेगळ्या मांडून ठेवाव्यात. भास्कराचार्यांचाही नियम तोच. 'मिळवता येत नाहीत' नाही, 'वेगळ्या मांडून ठेवाव्यात'. शब्द किती नेमका आहे बघा. आंबे-बटाटे कधी घुसले देव जाणे.

(पाटणादेवीला ट्रेकला जाणाऱ्यांसाठी: चाळीसगावजवळच्या त्याच पाटण गावातल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे आणि त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. पुढच्या वेळी धबधब्याचे फोटो काढून झाले की जरा आठवा.)

युरोपात आजची ही बारीक आकड्याची पद्धत रुळली ती देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या पुस्तकापासून. त्यातही तो घनासाठी वर ३ लिहायचा, पण वर्गासाठी बऱ्याचदा अक्षर नुसतं दोनदा. त्याच्या आधी १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या गृहस्थाने आठव्या घातासाठी 'झेन्झिझेन्झिझेन्झिक' असा शब्द छापला होता. भाचीला हा शब्द इतका आवडला की आता तो मांजराचं नाव आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे उत्तर तपासणं. शेरा मारायला दुसरं कोणी लागू नये म्हणून तिला म्हटलं, अ च्या जागी एखादा आकडा टाक आणि दोन्ही बाजू सारख्या येतात का बघ. तिने टाकला १. डावीकडे ३ + २ = ५. उजवीकडे ५. "मामा, माझंच बरोबर आहे!" मग ०. दोन्हीकडे शून्य. आता ती कॉलवर नाचायचीच बाकी होती.

आमच्या धंद्यात हा प्रसंग रोजचा आहे. टेस्ट दोन, दोन्ही हिरव्या, आणि कोड साफ चुकीचा. शून्य आणि एक हे टेस्टसाठी सर्वांत आळशी आकडे, कारण १ चा वर्ग काय, घन काय, सगळं १ च. घातांकातली चूक त्यांना दिसतच नाही. २ टाकल्यावर मात्र डावीकडे १२ + ४ = १६ आणि उजवीकडे ४०. फुगा फुटला. पण मजा पुढे आहे. ३अ^२ + २अ आणि ५अ^३ हे दोन्ही नेमके तीन ठिकाणी जुळतात: ०, १ आणि -०.४. चौथं ठिकाण नाहीच, असूच शकत नाही, कारण तिसऱ्या घातापर्यंतच्या दोन वेगवेगळ्या बहुपदी तीनपेक्षा जास्त जागी सारख्या येत नाहीत. म्हणून चार निरनिराळे आकडे टाकून चारही वेळा जुळलं, तर ती निव्वळ टेस्ट राहत नाही, ती सिद्धता होते! नेहमीच्या टेस्टिंगमध्ये असं भाग्य कुठे? एकाहून जास्त अज्ञात असतील तर आकडे यदृच्छया निवडून तपासायची पद्धत आहे; तिच्यामागचा सिद्धान्त १९७८ ते १९८० च्या दरम्यान काही जणांनी स्वतंत्रपणे मांडला. सातवीच्या चाचणीत पहिल्या घाताच्या पुढचं काही आलं तरी तीन-चार आकडे पुरतात, आणि त्याला दोन मिनिटं लागतात.

उणे चिन्हाचा मुद्दा मी मुद्दाम थोडक्यात घेतला, कारण तिथे मोठ्यांचंच एकमत नाही. घातांक ज्याच्या डोक्यावर बसतो त्याचाच असतो, म्हणून (३अ)^२ म्हणजे ९अ^२ पण ३अ^२ मध्ये वर्ग फक्त अ चा. त्याच न्यायाने -३^२ म्हणजे वहीत उणे नऊ. पायथनला विचाराल तर तोही उणे नऊ म्हणतो. एक्सेल मात्र अधिक नऊ देतं. आणि जावास्क्रिप्ट, ज्याला एरवी कशाचंच वावडं नसतं, ते कंस घातल्याशिवाय हे गणित घ्यायलाच नकार देतं. मला जावास्क्रिप्टबद्दल आदर वाटल्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

आणि मग तो पुस्तकातला हुकूम, 'सोपे रूप द्या'. भाचीच्या पाच अ घनामागे हाही एक गुन्हेगार आहे असं माझं ठाम मत आहे. दोन पदं दिसताहेत, हुकूम आहे सोपं करायचा, म्हणजे एक पद झालंच पाहिजे! मोठं उत्तर लिहून ठेवलं तर काम अर्धवट वाटतं. पण सोपं म्हणजे लहान, असं कुठे आहे? (अ + १)^१० उलगडलं तर अकरा पदं होतात. (अ^१० - १) ला (अ - १) ने भागलं तर दहा पदं. यातलं सोपं कुठलं, हे पुढे काय करायचंय त्यावर ठरतं. एमआयटीतल्या जोएल मोझेसने १९७१ मध्ये, कॉम्प्युटरकडून बैजिक राशी सोप्या करून घेण्याच्या भानगडींवरच एक निबंध लिहिलाय. आणि १९६८ मध्ये रिचर्डसनने दाखवून दिलं की साइन, निरपेक्ष मूल्य वगैरे मंडळी राशीत शिरली की ती राशी शून्याएवढी आहे का, हे प्रत्येक वेळी सांगू शकेल असा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. आज नाही, उद्याही नाही. त्या जंगलाच्या अलीकडे बहुपदींचं हे छोटं अंगण आहे, जिथे कंस सोडवा, सजातीय पदं एकत्र करा, घातांकाच्या उतरत्या क्रमाने लिहा, की प्रत्येक राशीला एकच रूप मिळतं, कोणीही करा. सातवीची मुलं त्या अंगणात खेळतात. बाहेर जंगल आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

मी सांगितलं नाही, पण ती स्वतःच कुंपणापर्यंत गेली. मागच्या रविवारी म्हणाली, "मामा, अ चा वर्ग शतकाच्या घरात. मग २^अ कुठल्या घरात?"

कुठल्याच नाही. वर चढलेलं अक्षर आणि खाली उतरलेला आकडा, हे पाहुणे घरांच्या रांगेत बसतच नाहीत. पण मी हे म्हणायच्या आत तिने आकडे टाकायला सुरुवात केली होती. २ टाकला: २^२ आणि २^२, दोन्ही चार. मग, आळशी आकडे नकोत म्हणून एकदम ४: २^४ सोळा, ४^२ सोळा. "सारखेच आहेत दोन्ही! दोनदा जुळलं!" मी गप्प. चार आकड्यांचा नियम इथे चालत नाही, कारण २^अ बहुपदीच नाही, हे सांगू की नको असा विचार करत होतो.

तेवढ्यात कऱ्हाडची लाइट गेली आणि कॉल तुटला. दहा मिनिटांनी ताईच्या नंबरवरून मेसेज आला. "३ ला ८ आणि ९. १० ला १०२४ आणि १००. मधेच कुठे कुठे का जुळतंय?"